उघाडीच्या तीन फळ्या

माझ्या आक्काच्या घरी एका धडधाकट, हुशार माणसाला सहा वर्षं रोज सकाळी ब्राह्मीचा काढा प्यायला आणि पाच भिजवलेले बदाम खायला लावलं, याला कारण मी. ब्राह्मी नाशिकहून मीच पाठवत होतो. बदामही मीच. तो माणूस म्हणजे आक्काचा नवरा, माझे दाजी. त्यांचं डोकं ठणठणीत होतं. ही गोष्ट साऱ्या जगात फक्त मला ठाऊक होती.

आता सगळं क्रमाने सांगतो. क्रमाने सांगायचं, अशी मला अट घातलेली आहे. ती कोणी घातली ते पुढे येईलच.

दाजी मूळचे अलिबागकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. तरुणपणी प्राथमिक शिक्षक म्हणून दिंडोरी तालुक्यात नेमणूक झाली, आमच्या गावच्या शाळेत चार वर्षं शिकवलं आणि बदली करून परत जाताना आक्काला घेऊन गेले. आम्हा भावंडांना पाढे त्यांनीच पाठ करून घेतलेले. त्यामुळे पुढे ते दाजी झाले तरी त्यांनी नुसतं "हं?" केलं की मी आजही ताठ उभा राहतो.

आमच्यात वाद एकच, कांद्याचा. त्यांच्याकडचा कांदा पांढरा, गोड, पातींची वेणी घालून माळेत ओवलेला. आमचा लाल, तिखट, पोत्यात कोंबलेला.

"तुमचा कांदा खायचा म्हणजे भांडण विकत घ्यायचं," दाजी म्हणायचे.

"आणि तुमचा खायचा म्हणजे पेरू खाल्ल्यासारखं," मी म्हणायचो.

हा वाद पन्नास वर्षं चालू आहे आणि मिटावा अशी कोणाचीच इच्छा नाही.

सहा वर्षांपूर्वी मी गणपतीला आक्काकडे गेलो होतो. आमच्या द्राक्षबागेला तेव्हा छाटणीच्या आधीची विश्रांती असते, आणि मलाही. अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी दाजींनी मला शेत दाखवायला नेलं. त्यांची शेतं खाडीच्या भरतीपेक्षा खाली आहेत. मध्ये मातीचा लांबच लांब बांध. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खारं पाणी. बांधाला एका जागी दार असतं, त्याला तिकडे उघाडी म्हणतात. दोन दगडी खांब, त्यांना खाचा, आणि खाचांत एकावर एक सरकवलेल्या पाच जाड फळ्या. पाऊस जास्त झाला की ओहोटीच्या वेळी लोखंडी आकडीने फळ्या वर ओढायच्या, शेतातलं पाणी खाडीत जाऊ द्यायचं आणि भरती यायच्या आत फळ्या परत बसवायच्या. आठ घरांची शेतं या एका दारावर. घरोघरी पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या घरी आकडी, आणि महिनाभर त्या घराला मान. लग्नात त्याला पुढची खुर्ची, होळीला पहिला नारळ. त्या महिन्यात पाळी दाजींची होती.

"भरती कधी, ते कसं ओळखायचं?" मी विचारलं.

दाजींनी लगेच ओल्या मातीत काठीने गणित मांडलं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. सकाळी सहाला ओहोटी, दुपारी बाराला भरती.

"आणि हल्ली," ते म्हणाले, "हे गणित वेळेला बरोबर येतं, पण उंचीला चुकतं. माझ्या वडिलांच्या वेळी उधाणाचं पाणी बांधाच्या कमरेला लागायचं. आता खांद्याला लागतं. दरवर्षी आम्ही बांधावर माती चढवतो आणि दरवर्षी समुद्र टाचा उंचावतो. पाऊसही महिनाभराचा दोन दिवसांत पडतो. पाणी बाहेर काढायचं तरी कधी? समजलं?"

"समजलं," मी म्हणालो.

खरं म्हणजे मी मगापासून एका निवटीकडे बघत होतो. निवटी म्हणजे चिखलात टुणटुण उड्या मारणारा, डोळे कपाळावर गेलेला लहानसा मासा. ती हुबेहूब आमच्या सोसायटीच्या चेअरमनसारखी दिसत होती. धड्यातलं मला एकच वाक्य ऐकू आलं: ओहोटीला फळ्या काढायच्या. पुढचं अर्धं वाक्य निवटीबरोबर बिळात गेलं.

विसर्जनाच्या दिवशी धो धो पाऊस झाला. सगळं घर भिजून, नाचून, दमून झोपी गेलं. सकाळी मी नेहमीप्रमाणे साडेपाचला उठलो. दारातल्या चपला पायात घातल्या, त्या दाजींच्या निघाल्या पण मापात होत्या, आणि बांधावर फिरायला गेलो. बघतो तर भाताच्या खाचरांत मांडीएवढं पाणी. लोंब्या नुकत्या बाहेर पडलेल्या आणि त्यांच्या गळ्याशी पाणी आलेलं.

मी द्राक्षवाला माणूस आहे. द्राक्षवाल्याला स्वप्नंसुद्धा पाण्याची पडतात: मुळाशी पाणी साचलंय आणि वेल पिवळी पडतेय. साचलेलं पाणी दिसलं की आमचे हात शिवशिवतात. मला वाटलं, बिचारे सगळे झोपलेत, आपण एवढं काम करून टाकू. उठल्यावर खूश होतील. मी परत गेलो, आकडी घेतली आणि फळ्या ओढायला लागलो. वरच्या तीन निघाल्या. खालच्या दोन काही केल्या हलेनात. मग पाणी असं काही सुटलं की मी बांधावर उभा राहून एकट्याने टाळ्या वाजवल्या. तीन फळ्या नीट बाजूला रचल्या, आकडी नेऊन खुंटीवर टांगली, चपला काढल्या, चहा घेतला आणि परत झोपलो. फळ्या पुन्हा लावायच्या असतात, हे माझ्या गावीही नव्हतं. आमच्याकडे चर काढला की तो हंगामभर उघडाच असतो.

बाराच्या सुमाराला आम्ही जेवायला बसलो. आक्काने घावन केले होते. मी चौथ्या घावनावर होतो तेव्हा बाहेरून बांधाच्या कमिटीच्या अध्यक्षबाई ओरडत आल्या. या बाई वयाने माझ्याएवढ्या, आवाजाने माझ्या चौपट, आणि त्या दिवशी हातात विळा.

"मास्तर! उघाडीच्या फल्या कोनी काढल्या? पानी आत घुसला! आठी घरांचा भात खाऱ्या पान्यात गेला!"

सगळे धावले. मीही धावलो, हातात घावन तसाच. उघाडीतून खाडी आत येत होती, कुठलीही घाई नसल्यासारखी, जणू तिला आमंत्रण होतं. आणि तिला ते होतंच. तीनही फळ्या बाजूला नीट रचलेल्या. इतक्या नीट, की हे काम मास्तरांचंच असं कोणीही म्हणावं.

अध्यक्षबाईंनी दाजींकडे पाहिलं. दाजींनी मान हलवली. "मी काल संध्याकाळी बघितल्या. बंद होत्या."

मग सगळे घरी आले. आकडी ओली, खुंटीवर. दाजींच्या चपला चिखलाने भरलेल्या. दाजी चपलांकडे खूप वेळ बघत राहिले.

"पहाटे मी गेलो होतो का गं?" त्यांनी आक्काला विचारलं.

"मी कुठे जागी होते!" आक्का म्हणाली.

इथे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण समोर अध्यक्षबाईंचा विळा होता आणि तोंडात घावन होता. घावन गिळून मी काय बोललो, ते आज अक्षरशः लिहून ठेवतो.

मी म्हणालो, "मला वाटतं दाजी, पहाटे तुमच्या चपलांचा आवाज आला होता."

हे खोटं नव्हतं. चपला त्यांच्याच होत्या. पाय माझे होते, एवढंच मी गाळलं. दाजी खाली बसले आणि हळूच म्हणाले, "म्हणजे मीच गेलो असणार. आणि मला आठवत नाही."

त्या दिवसापासून दाजींचं सगळं बदललं. गाव भांडलं नाही. भांडलं असतं तर बरं झालं असतं. गावाने समजूतदारपणे आकडीची पाळी दाजींच्या सुनेच्या नावाने केली. मुलाने मोटारसायकलची चावी काढून घेतली. आक्काने घरभर कागद चिकटवले: नळ बंद, गॅस बंद, दार लावा. दाजींनी स्वतःच एक वही केली आणि पूर्वी शाळेचा दाखला लिहायचे तशा सुंदर अक्षरात तिच्यात रोज नोंदी करू लागले. मी एकदा ती वही चोरून वाचली. "सकाळी ७. चहा घेतला. ७.१०. पुन्हा मागितला नाही. ७.३०. चष्मा शोधला. नाकावर होता, पण हे सर्वांचंच होतं." शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. मी वही मिटली आणि नाशिकला येऊन दोन किलो बदाम घेतले.

कबुली द्यायचा प्रयत्न मी केलाच नाही असं नाही. एकदा फोन लावला. दाजी म्हणाले, "बोल." मी म्हणालो, "बदाम मिळाले का?" एकदा थंडीत पोपटीला गेलो होतो. मडक्यात वालाच्या शेंगा आणि अंडी घालून, भोवती पाला पेटवून भाजतात, ती पोपटी. तेव्हा सगळे खुशीत होते. मी खाकरलो. लगेच आक्का म्हणाली, "ह्यांना जरा शेंगा सोलून दे रे, ह्यांना मधेच विसरायला होतं." मी शेंगा सोलल्या. पुष्कळ सोलल्या.

इकडे शेतांचं काय झालं तेही सांगायला हवं, कारण ती या गोष्टीतली एकमेव चांगली बाजू आहे आणि तिच्यात माझा काहीही वाटा नाही. खारं पाणी मुरल्यावर सखल भागात पुढच्या वर्षी भात उगवलाच नाही. गावात बैठकीवर बैठक. काही म्हणाले, बांध अजून चढवू. अध्यक्षबाई म्हणाल्या, "किती चढवाल? उद्या बांधावर शिडी लावून शेतात उतराल?" शेवटी ठरलं की सगळीकडे लढायचं नाही. सखल भाग पाण्याला देऊन टाकायचा आणि तिथे तळी खणायची. त्या पाण्याबरोबर जिताड्याची पिलं आत आलीच होती. जिताडा म्हणजे तिकडचा मानाचा मासा, जावयाला वाढायचा. मधल्या पट्ट्यात खारं सोसणारं जुन्या जातीचं भात. वरच्या अंगाला उंच वाफे करून पांढरा कांदा. बांधाच्या कडेला जाळीच्या पेट्यांत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. पहिल्या वर्षी अर्धे जिताडे मेले, दुसऱ्या वर्षी चिंबोऱ्या पेट्या फोडून गावभर फिरल्या, एक तर अध्यक्षबाईंच्या गादीत सापडली. तिसऱ्या वर्षापासून जमायला लागलं.

मग एक संस्था आली, फलक लागला, हवामान बदलाला सामोरं जाणारं गाव म्हणून लोक बघायला येऊ लागले. पाहुणे विचारायचे, "ही कल्पना सुचली कशी?" दाजी सरळ सांगायचे, "माझ्या विसराळूपणामुळे." लोकांना तो विनय वाटायचा. टाळ्या वाजवायचे. टाळ्या संपल्या की दाजी वहीत लिहायचे: "टाळ्या मिळाल्या. कारण आठवत नाही."

आणि मी? मी आमच्या द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्यात उभा राहून, बहिणीच्या गावची शेती समुद्राने कशी गिळली, यावर पाऊण तास बोललो. समुद्राला नाही नाही ते बोललो. समुद्राचे गुन्हे पुष्कळ आहेत, आणि ते दरवर्षी वाढतायत. पण त्या पौर्णिमेला तो रोजच्या वेळेला, रोजच्या वाटेने आला होता. दार मी उघडलं होतं. माणसाने समुद्राची बदनामी करावी आणि वर हार घालून घ्यावा, इतका मी घसरलो.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या डिसेंबरात आक्काचं गाव बस करून आमच्याकडे अभ्यास दौऱ्यावर आलं. अवकाळी पाऊस आणि गारांपासून वाचायला आम्ही बागांवर प्लॅस्टिकचं आच्छादन टाकलं आहे, ते त्यांना बघायचं होतं. बसमधून पहिल्या अध्यक्षबाई उतरल्या, मग सून, मग गाव, मग आक्का आणि शेवटी दाजी. गळ्यात पांढऱ्या कांद्याची माळ घालून.

"पेरू आणलेत," दाजी म्हणाले.

माझ्या बायकोने सगळ्यांना मिसळ वाढली. लोक बागेत शिरले आणि वर बघायला लागले.

"लग्न कोनाचा हाय?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "केवढा मांडव घातलाय!"

"द्राक्षांना रेनकोट घातलाय," मी म्हणालो.

"म्हंजे आमी समुद्राला आडवतो आनि तुमी आभालाला. कोनाचा कोनी ऐकतो का?"

"अजून तरी नाही," माझी बायको म्हणाली. "पन वाऱ्यानं हे प्लॅस्टिक उडून गेलं ना मागं, तर लय लांब सापडलं. एका वायनरीच्या गेटावर. त्यांना वाटलं सजावट हाय."

सगळे हसले. दाजीही हसले आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी ठिबक सिंचन दाखवलं, खतं कशी सोडतो ते दाखवलं. लोकांचे पाय मातीने भरले म्हणून पाइपलाइनच्या टोकाचा व्हॉल्व उघडला, सगळ्यांनी पाय धुतले, आणि आम्ही चहाला पडवीत आलो.

तासाभराने निघायची वेळ झाली. ड्रायव्हरने बस सुरू केली. बस पुढे यायच्याऐवजी खाली गेली. आमची काळी माती भिजली की हलवा होतो. मागची दोन्ही चाकं निम्मी गडप. व्हॉल्व तासभर उघडा राहून पाणी थेट बसखाली गेलं होतं.

"व्हॉल्व कुनी उघडा टाकला?" बायको ओरडली.

सगळ्यांच्या माना, अगदी सावकाश, एकाच बाजूला वळल्या.

दाजी पुढे आले. "मीच असणार," ते म्हणाले. "मी शेवटी हात धुवायला गेलो होतो. म्हणजे... गेलो होतो असं वाटतंय." त्यांनी खिशातून वही काढली.

"राहू द्या बाबा, बसा तुम्ही," सून मऊ आवाजात म्हणाली. तिने त्यांच्या हाताला धरून त्यांना द्राक्षांच्या कॅरेटवर बसवलं. आक्काने पिशवीतून डबी काढली आणि त्यांच्या तळहातावर दोन बदाम ठेवले. माझे बदाम.

ज्या माणसाने मला एकोणतीसचा पाढा शिकवला, तो मुकाट्याने ते बदाम चघळायला लागला. ते मला बघवलं नाही.

"व्हॉल्व मी उघडा टाकला," मी म्हणालो.

"वाटलंच," बायको म्हणाली. "हे रोजचंच हाय."

"आणि फळ्याही."

"कसल्या फल्या?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"उघाडीच्या. सहा वर्षांपूर्वी. दाजी गेलेच नव्हते. मी गेलो होतो, त्यांच्या चपला घालून."

ड्रायव्हरने बस बंद केली. त्यालाही ऐकायचं होतं. मी सगळं सांगितलं, निवटीपासून घावनापर्यंत. आक्का कंबरेवर हात ठेवून उभी होती आणि तिचं तोंड लाल लाल होत चाललं होतं. दाजी मात्र कॅरेटवर बसूनच होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि पेपर तपासायला घेतल्यासारखं विचारलं, "किती फळ्या काढल्यास?"

"तीन."

"उघाडीला पाच आहेत."

"खालच्या दोन हलेनात."

"हलणारच नाहीत. त्या बारा महिने पाण्यात फुगलेल्या. त्या काढायच्या असतील तर आकडी तिरकी घालावी लागते, मी नेहमी पाचही काढतो." ते उभे राहिले. "आकडी परत कुठे टांगलीस?"

"खुंटीवर."

"कुठल्या खुंटीवर?"

"कंदिलाच्या शेजारच्या."

दाजींनी वही जमिनीवर फेकली.

"मी दाराच्या मागे टांगतो!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की बागेतले पक्षी उडाले. "आयुष्यभर दाराच्या मागे टांगत आलोय! सहा वर्षं मी रोज विचार करतोय की मी त्या दिवशी कंदिलाशेजारी का टांगली? तिथे मी जन्मात टांगली नाही! मला वाटलं, डोकं आता हातालासुद्धा फसवायला लागलं!"

मग ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि बराच वेळ त्यातलं नक्की काय चाललंय ते कोणाला कळेना. सुनेने त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं नाही. "माझ्या हाताने घेतो," म्हणाले.

आक्काने पायातली चप्पल काढली. "ब्राह्मी पाठवत होतास ना रे? सहा वर्षं? मी गाळून गाळून पाजत होते त्यांना! वास तरी घेतलायस का कधी त्याचा?"

"थांब," दाजी तिला म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "त्या दिवशीच्या चपला कुठल्या होत्या, चामड्याच्या ना?"

"चामड्याच्या."

"म्हणजे मग त्या चिखलाने खराब झाल्या, तेही तुझ्याकडेच. मार गं आता."

तिने मारली. हळू मारली नाही. मला बरं वाटलं.

बस निघेना, म्हणून अध्यक्षबाईंनी कमिटीची बैठक तिथेच, आच्छादनाखाली बोलावली. कोणीतरी म्हणालं, "पाव्हन्यांनी फल्या काढल्या नसत्या तर आज आपली तली नसती. खरं तर सत्कार करायला पायजे." मी आशेने मान वर केली.

"अजिबात नाही," दाजी म्हणाले. "तळी आपण खणली. मेलेले जिताडे आपण मोजले, चिंबोऱ्या आपण गाद्यांतून काढल्या. चूक याची आहे. दोन्ही वेगवेगळं लिहायचं." मग मला म्हणाले, "तू हे सगळं लिहून दे. क्रमाने. काही गाळायचं नाही. घावनसुद्धा. कमिटीच्या वहीत चिकटवायचं आहे, आणि मेळाव्यात जिथे भाषण ठोकलंस तिथेही वाचायचं आहे."

"आनि माती," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांच्याकडे रीत आहे: ज्याच्या चुकीने बांधाचं किंवा शेताचं नुकसान झालं, त्याने नुकसान झालेल्या प्रत्येक घरामागे एक घमेलं माती स्वतः डोक्यावरून नेऊन बांधावर टाकायची. आठ घरं, आठ घमेली. "वय बघून बारकी घमेली देऊ," असं त्यांनी मोठ्या मनाने जाहीर केलं.

बस ट्रॅक्टरने ओढून काढली. जाताना दाजींनी मुलाला फोन लावून दोनच शब्द सांगितले: "चावी काढ."

माघी पौर्णिमेला मी तिकडे गेलो. एस.टी. स्टँडवर मला घ्यायला दाजी आले होते, मोटारसायकलवरून. बहात्तर वर्षांचा मी मागे बसलो आणि एकोणऐंशी वर्षांचे ते असे काही सुटले की वाटेत मी सगळ्या देवांची नावं घेतली. घरात शिरलो तर भिंतीवरचे कागद गेले होते. एकच राहिला होता. नळ बंद. तो आक्काने स्वतःसाठी ठेवला होता.

मी आठ घमेली माती वाहिली. अख्खं गाव बघायला जमलं होतं. तिसऱ्या घमेल्याला माझं धोतर सुटलं, पाचव्याला मी चिखलात बसलो, आणि एक निवटी माझ्याकडे अगदी चेअरमनसारखी बघत राहिली. आठवं घमेलं पडल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनीही वाजवल्या. या वेळी कारण सगळ्यांना माहीत होतं. मी माती टाकली तिथल्या कडेच्या तळ्याला आता गावात मेव्हण्याचं तळं म्हणतात. त्यात जिताडे टिकत नाहीत, नुसता चिखल आहे, असं सून सांगते.

त्या महिन्यात आकडीची पाळी दाजींकडे आली होती. सुनेने ती आपणहून परत दिली होती. साडेअकराला ते उघाडीपाशी गेले, पाचही फळ्या हाताने चाचपून पाहिल्या, आणि आम्ही दोघं बांधावर बसून राहिलो. बाराच्या सुमाराला पाणी आलं. बांधाच्या कमरेला लागलं, मग छातीला, मग खांद्याला. फळ्यांवर धपधप आवाज येत राहिला. आत एक थेंब आला नाही.

"दाजी," मी म्हणालो, "संध्याकाळी ओहोटीला मी येऊ का मदतीला? एखादी फळी?"

"तू बस," ते म्हणाले.

परत जाताना मी नुसता हात पुढे केला, आकडी धरायला. त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली. घरी आलो, त्यांनी दार लोटलं, आकडी दाराच्या मागे टांगली आणि टांगल्यावर एकदा माझ्याकडे पाहिलं.

वहीत त्यांनी काही लिहिलं नाही.